चाळणी कुणी नेली

सरळच सांगते. गाडीचा एअर इनटेक मी बनवला. मी म्हणजे नम्रता. हे नाव ठेवताना घरच्यांनी फार घाई केली असं आत्या म्हणते, ते सोडा. हात माझे काळे झाले, नखं माझी तुटली, एम-सीलचा वास माझ्या बोटांना येत होता म्हणून मी डाव्या हाताने जेवले. चेतनने टॉर्च धरला. तोही एकदाच, आणि तोही माझ्या डोळ्यांवर.

चेतन माझा धाकटा भाऊ. बी.कॉम. झालाय, विम्याच्या एका ऑफिसात चिकटलाय. पोरगा गोड आहे, कुणाशीही पाच मिनिटांत दोस्ती करतो. पण स्क्रू कुठल्या बाजूला फिरवला की सुटतो हे त्याला अजून दरवेळी आठवावं लागतं. मेकॅनिकलचा डिप्लोमा मी केलाय. सर्टिफिकेट आमच्या वारज्याच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या भिंतीवर आहे, घड्याळाच्या शेजारी. घड्याळ सगळे बघतात.

तर मला नोकरी लागली. लोणी काळभोरला एका कॉलेजात वर्कशॉप इन्स्ट्रक्टरची. दिवाळीनंतर रुजू व्हायचं होतं. मी पेढे आणले, बाबांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, "वारजे ते लोणी, रोज, स्कूटीवर? सोलापूर रोडला? ते कंटेनर, त्या उसाच्या ट्रॉल्या. नाही. गाडी असती तर गोष्ट वेगळी होती."

मी म्हटलं, "गाडी आहे की आपली. खाली उभी आहे."

"ती? ती चांदणी चौकाच्या चढावर धापा टाकते. दसरा झाला की भंगारात देतोय मी."

इथूनच सगळं सुरू झालं. बाबा रागावलेले नव्हते, उलट खुशीत होते, आणि खुशीत असले की ते पैज लावतात. म्हणाले, "दसऱ्याला मामाकडे शिरवळला सोनं द्यायला जायचंच आहे. कात्रजच्या जुन्या घाटाने नेतो. नव्या बोगद्यातून काय, कुणीही जाईल. घरचे सगळे आत बसवून गाडी घाट न रडता चढली, तर ठेवू. मग जा तू लोणीला." आई साक्षीला होती. चेतनही होता, मोबाइलमध्ये डोकं घालून.

जवळच्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, आत डोकावलं आणि लगेच बंद केलं. म्हणाला, "मॉडेल बंद झालंय मॅडम, हा पार्ट येत नाही. दुसरी गाडी बघा." वर म्हणाला, बाबांना बोलायला सांगा. मग मीच रविवारी पार्किंगमध्ये बसले आणि एकेक नळी तपासली.

गाडीला पेट्रोल लागतं हे सगळ्यांना कळतं. हवा लागते हे कुणाच्या गावी नसतं. बाहेरची गार हवा ओढून फिल्टरच्या डब्यापर्यंत नेणारी जी नळी, ती आमच्या गाडीची कधीच तुटून पडली होती. बिचारी गाडी इंजिनावरची तापलेली हवा ओढत होती. डब्याला चीर होती, त्यातून धूळ थेट आत. चादर डोक्यावरून घेऊन जिने चढायला लावले तर माणूसही धापा टाकेल. म्हणजे गाडी म्हातारी झाली नव्हती, तिला नाक नव्हतं. नाक नवीन बसवायचं, आणि तेही माझ्या पर्समध्ये जे होतं त्यात.

प्लंबिंगच्या दुकानात गेले. पीव्हीसी पाइप, एक एल्बो, पाइप आवळायच्या क्लिपा. दुकानदाराने विचारलं, "बेसिनला पाहिजे का सिंकला?"

"गाडीला."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पाइपची भाजी करणार आहे. मग म्हणाला, "मिस्टरांना पाठवा, साइझ चुकते बायकांची." मी पाइप माझ्या हाताने कापून घेतला आणि त्याच्या काउंटरवर पडलेला भुसा तसाच ठेवून आले.

पहिला पाइप सायलेन्सरच्या बाजूने नेला, तो तापून वाकला. चूक झाली, काढून टाकला. दुसरा डावीकडून नेला, थेट पुढच्या जाळीच्या मागे, आणि वरून चंदेरी टेप गुंडाळला. खालच्या वळणाला भोक पाडलं, पावसाचं पाणी शिरलंच तर तिथून गळून जावं म्हणून. डब्याची चीर एम-सीलने बुजवली, सांध्यांना सायकलची ट्यूब कापून लावली. तोंडाला घरातलं रॉकेलचं जुनं नरसाळं बसवलं. आता फक्त तोंडावर जाळी हवी होती, काडीकचरा आत जाऊ नये म्हणून. मच्छरदाणीचा तुकडा लावला, तो इंजिनाने ओढून फाडला.

आणि मग मला आईची रव्याची चाळणी दिसली. स्टीलची, लहानशी, बारीक पण दणकट जाळीची. नरसाळ्यावर ठेवून बघितली तर अशी बसली, जणू दोन्ही एकाच कारखान्यातून आली असावीत. मी ती घेतली. आईला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर मिळाली नसती. त्या चाळणीत आईचा जीव. आमच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर, तांब्यापासून पातेल्यापर्यंत, बाबांचं नाव कोरलेलं आहे. ही एक चाळणी आई माहेरून घेऊन आली, तिच्या कडेवर नुसतं आईचं नाव, "शर्मिला" एवढंच आहे.

दुसऱ्या दिवसापासून घरात एकच गजर. नम्रता, चाळणी कुठाय. नम्रता, तूच नेली असशील. नम्रता, त्या खाली चाललेल्या उद्योगात घातलीस ना माझी चाळणी. मी मूग गिळून गप्प बसले. गाडी घाट चढली की सांगू, असं मनाशी ठरवलं होतं.

गाडी चालू केली. आवाजच बदलला होता. चांदणी चौकाचा चढ ती तिसऱ्या गिअरमध्ये चढली आणि मला रस्त्याच्या कडेला थांबून रडू आलं, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

परत आले आणि चेतनला म्हटलं, ये, बघ. तो आला, वाकला, "भारी दिसतंय ताई," म्हणाला आणि उघड्या बॉनेटखाली डोकं घालून स्वतःचा फोटो काढला. खाली लिहिलं, "घरच्या घरी जुगाड." बस. सोसायटीचे चेअरमन पोपटकाका, ज्यांना पार्किंगमध्ये सांडलेला ऑइलचा थेंबसुद्धा वरच्या मजल्यावरून दिसतो आणि जे महिनाभर मला "हे गॅरेज नाही" असं सुनावत होते, त्यांनी तो फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. "चि. चेतन याचे कौतुक. तरुणांनी आदर्श घ्यावा." खाली टाळ्यांची रांग.

आता मला सांगा, महिनाभर रोज मला खाली जमिनीवर आडवी पडलेली या माणसाने बघितलं. मला बोल लावताना डोळे शाबूत होते. कौतुक करायची वेळ आली तेव्हा कुठे गेले?

मी चेतनला म्हटलं, "लिही तिथे, की ताईने केलंय."

"अगं, आता कुठे सगळ्यांना खुलासे करत बसू? घरात तर माहितीये ना."

घरात माहीत होतं ना. आईला माहीत होतं, पण आई तेव्हा चाळणीच्या रागात होती आणि माझ्याशी धड बोलत नव्हती. बाबा त्या महिन्यात ऑडिटच्या गडबडीत, घरी यायचे ते जेवायला. त्यांनी ग्रुप वाचला. मी त्यांना म्हटलं, "बाबा, ते मी केलंय." ते म्हणाले, "हो हो, दोघांनी मिळून केलंत, छान." आणि पुढच्या वाक्यात चेतनला म्हणाले, "वा रे पठ्ठ्या." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी म्हटलं, जाऊ दे. मला कौतुक नको, मला लोणी हवंय.

दसऱ्याला सकाळी आत्या आली. कांताआत्या, बाबांची थोरली बहीण, लोणी काळभोरलाच राहते, शेती आहे त्यांची. चेतनने गाडी धुतली. धुण्याचं काम मात्र खरंच त्याने केलं, हे मान्य. बाबांनी हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला, चाकांखाली लिंबं ठेवली. आईने मला सोन्याची पिशवी आणायला वर पाठवलं, आपट्याची पानं देवापाशीच राहिली होती.

खाली आले तर गाडीच्या पुढच्या जाळीवर झेंडूचा हार. माझ्या मनगटाएवढा जाड, पाणी शिंपडून गच्च भिजवलेला, डाव्या बाजूला दुहेरी गुंडाळून सुतळीने करकचून बांधलेला. बरोबर नरसाळ्याच्या तोंडापुढे.

"बाबा, हार उजवीकडे घ्या. तिथून गाडी हवा घेते."

"चेतनला विचारूनच बांधलाय मी. म्हटलं, तुझ्या पाइपला अडचण नको. तो म्हणाला, डावीकडे बांधा, छान दिसेल."

मी चेतनकडे बघितलं. त्याने खांदे उडवले. पाइपचं तोंड कुठे आहे हेच त्याला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही म्हणायची आता सोय राहिली नव्हती. मी सुतळीला हात घातला, तशी आत्या म्हणाली, "अगं, पूजा झालेली हाय. बांधलेला हार सोडू नये सणाच्या दिवशी. राहू दे."

"आत्या, गाडी बंद पडेल."

"शुभ बोल की जरा," आई म्हणाली.

आणि तेवढ्यात पोपटकाका दारातून येऊन चेतनशी हात मिळवून गेले, आणि बाबांना जोर चढला. म्हणाले, "घाट चढली की किल्ली चेतनची. सोमवारपासून ने रे ऑफिसला. तू सुधारलीस, तू वापर."

मी म्हटलं, "आणि लोणी?"

"तुझं बघू काहीतरी. कोथरूडला क्लासेस आहेत की, तिथे शिकव. एवढ्या लांब जायलाच हवं का?"

मी गाडीत बसले. मागे, मधे, आई आणि आत्याच्या मध्ये, मांडीवर आपट्याची पिशवी. माझ्या हातच्या गाडीत मला पाय लांब करायला जागा नव्हती.

घाट सुरू झाला आणि गाडी काय चढली म्हणून सांगू. बाबा गिअर बदलायचं विसरले. "वा चेतन," ते एका वळणावर म्हणाले. दुसऱ्या वळणावर पुन्हा म्हणाले. चेतन पुढे बसून खिडकीतून बाहेर बघत होता. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, ते मला मागून दिसत होतं, आणि मला त्याची जराही दया आली नाही.

मग आवाज बदलला. आधी घोगरा, मग दबका, उशीत तोंड खुपसून कुणी बोलतंय तसा. बाबांनी ॲक्सिलरेटर दाबला. जेवढा दाबला तेवढी गाडी गुदमरली. जुना बोगदा दिसायला लागला होता तिथे, चढावर, दोन आचके देऊन ती बंद पडली.

बाबांनी हँडब्रेक ओढला. "चेतन, बघ रे."

चेतन उतरला. आई उतरली, आत्या उतरली, चाकामागे दगड लावला. मागच्या गाडीतले दोघे उतरून आले. सगळे चेतनभोवती गोळा झाले आणि चेतनने बॉनेट उघडून बॅटरीच्या वायरी हलवल्या. मग जरा वेळाने पुन्हा बॅटरीच्याच वायरी हलवल्या. तेवढं एकच ठिकाण त्याच्या ओळखीचं होतं.

मी उतरले नाही. मला बसल्या जागेवरून कळलं होतं काय झालंय. ओला झेंडू, चढावरचा जोर, पाकळ्या ओढल्या जाऊन जाळीवर लिंपल्या गेल्या असणार. दोन मिनिटांचं काम. उतरावं, काढावं, मागे येऊन बसावं, आणि किल्ली चेतनची. का म्हणून?

बाबा खिडकीशी आले. घामेजले होते. "तू परवा यात हात घातला होतास ना? मी बघितलं. चेतनने नीट बसवलेलं, काय गरज होती खुडबुड करायची?"

बघा. गाडी चढली तेव्हा वा चेतन. गाडी बंद पडली तेव्हा नम्रता. महिनाभर ज्या माणसाला माझा हात दिसला नाही, त्याला तो आत्ता, घाटात, बरोबर दिसला.

आत्या दार उघडून म्हणाली, "पोरी, तू शिकलीस ना मशीनचं? ऊठ की. का भावाची फजिती बघायची हाय?"

"बघायचीच आहे," मी म्हटलं.

पलीकडे बाबांनी फोन कानाला लावला होता. "हो, भंगारातच. उद्या सुट्टी नसेल तर उद्याच या. टो करून आणतो मी."

तेव्हा मात्र मी उतरले. माझा राग गेला म्हणून नाही. पण माझी गाडी उद्या कुणीतरी हातोड्याने तोडणार, आणि ती का बंद पडली हेसुद्धा कुणाला कळणार नाही, हे मला सहन होईना.

मी बॉनेटपाशी गेले. "चेतन, गाडी हवा कुठून घेते, दाखव सगळ्यांना."

"ताई, प्लीज."

"दाखव ना. तू बनवलंस ना."

त्याने इकडेतिकडे बघितलं आणि एका पांढऱ्या डब्यावर बोट ठेवलं. मागच्या गाडीतला माणूस म्हणाला, "अहो, ते पाणी आहे काच पुसायचं."

कुणी हसलं नाही. मी सुतळी तोडली. या वेळी आत्याने अडवलं नाही. हार निघाला, तो एका बाजूने सोलल्यासारखा बोडका झालेला. मी हात आत घालून क्लिप सैल केली आणि नरसाळं बाहेर काढलं. तोंडावर पाकळ्यांचा ओला लगदा, बोटभर जाड. तो खरवडून खाली टाकला, तशी खालून स्टीलची कड चमकली.

"ही माझी चाळणी," आई म्हणाली.

तिने ती माझ्या हातातून घेतली. पदराने पुसली, कडेवर बोट फिरवलं. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी निघणार, भर घाटात, सणाच्या दिवशी. आई बाबांकडे वळली.

"अहो, ही चाळणी गेली तेव्हा मी कुणाला बोलत होते?"

बाबांना कळेना. "मला काय माहीत?"

"घरात होतात की तुम्ही. तेव्हापासून मी हिलाच बोलत होते. हिलाच. चेतनला एकदाही विचारलं नाही मी. का विचारलं नाही? कारण चेतनला आपल्या घरात चाळणी कुठे असते तेच माहीत नाही. ज्याने चाळणी नेली त्यानेच हे केलंय ना? मग सांगा आता कुणी केलंय."

मागच्या गाडीतले दोघे हळूच निघून गेले. चेतन जमिनीकडे बघत म्हणाला, "बाबा, मी फक्त टॉर्च धरला होता." मग म्हणाला, "तोही एकदा."

बाबा म्हणाले, "मग मला कुणी सांगायचं नाही?"

"मी सांगितलं होतं," मी म्हटलं. माझा आवाज चढला आणि मी तो चढू दिला. "घरात सांगितलं, सकाळी हारापाशी सांगितलं. एकदा चेतनची पाठ थोपटलीत, एकदा चेतनचंच ऐकलंत. मी भिंतीवर लावलेलं सर्टिफिकेट कुणाचं आहे तेही उद्या चेतनलाच विचाराल."

बाबांच्या हातातल्या फोनमधून भंगारवाला अजून हॅलो हॅलो करत होता. त्यांनी तो बंद केला.

मी हात पुढे केला. "किल्ली."

त्यांनी एकदा चेतनकडे बघितलं, नुसतं सवयीने. चेतनने मानेनेच माझ्याकडे खूण केली, तेव्हा किल्ली माझ्या हातात आली. याचाही मला राग आला, आणि अजून आहे. पण किल्ली मी घेतली. बाबा मागे जाऊन बसले, मधे, आपट्याची पिशवी मांडीवर घेऊन. "लोणीला येशील तेव्हा जेवायला घरीच ये," आत्या त्यांच्या शेजारी सरकून बसता बसता मला म्हणाली, "डबा कशाला न्यायचा."

चाळणी अजून आईच्या हातात होती. चाळणीशिवाय गाडी नेता आली नसती असं नाही, पण घाटातली धूळ आत गेली असती. मी म्हटलं, "आई, शिरवळहून आलो की तुला नवी आणून देते. ही परत बसवू का?"

आईने चाळणी माझ्यापुढे धरली. मी ती नरसाळ्यावर ठेवून क्लिप आवळायला लागले, तशी तिने माझा हात थांबवला आणि चाळणी अर्धी फिरवली.

"नाव वरच्या बाजूला ठेव," ती म्हणाली. "बॉनेट उघडलं की दिसलं पाहिजे."